तंजावरच्या काकांचं सुतक

आमच्या तंजावरच्या काकांना माझ्या आईनं मारलं ते एका सोमवारी, सकाळच्या कॉफीच्या वेळी, बिल्डिंगच्या जिन्यात. काका तेव्हा किती वर्षांचे होते ते सांगता येत नाही, कारण त्यांचा जन्मही त्याच जिन्यात जेमतेम अर्ध्या मिनिटापूर्वी झाला होता.

त्याचं असं झालं. मी नर्स. रोग्याची सेवा करताना स्वतः रोगी कसं व्हायचं नाही, हे इतर नर्सांना शिकवणं माझं काम. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पेटली तेव्हा एका परदेशी संस्थेबरोबर मी सिएरा लिओनला गेले. आईनं इकडे कन्नड मुलखात, आमच्या जयनगरात, सांगून ठेवलं होतं की मुलगी दुबईला आहे, बड्या हॉस्पिटलात, जिथे म्हणे नळसुद्धा सोन्याचे असतात. मी होते तिथे नळ प्लॅस्टिकच्या बादलीला बसवलेला असायचा, आणि बादलीत क्लोरीनचं पाणी. दुकानात शिरायचं, आधी बादली. चर्चमध्ये शिरायचं, मशिदीत शिरायचं, आधी बादली. मी इतके हात धुतले की तळहातावरच्या रेषा पुसल्या गेल्या. परत आल्यावर चौथ्या ब्लॉकातल्या ज्योतिषाला हात दाखवला तर तो म्हणाला, बाई, तुमचा अजून जन्म व्हायचाय.

तिथून परत येणाऱ्यांसाठी नियम साधा होता. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा आणि आरोग्य खात्यातून फोन आला की आकडा सांगायचा. ताप नाही, लक्षण नाही, तोवर त्या माणसापासून कुणाला काही होत नाही. हे मी वाढवून सांगत नाही. बाकी पुष्कळ काही वाढवून सांगते, हे नाही. तरी मी आपणहून ठरवलं होतं की ते तीन आठवडे गच्चीवरच्या खोलीत काढायचे. आमच्या गच्चीवर दोन खोल्या. एक आमची, तिच्यात मोडकी मिक्सरं आणि गौरीचे मुखवटे. दुसरी बिल्डिंगच्या सेक्रेटरींची, ती त्यांनी एका कॉलेजच्या मुलीला भाड्यानं दिलेली.

पण टीव्हीवर रोज लाल अक्षरांत आफ्रिका दिसत होती, आणि गावभर लोक भाडेकरूंना तुम्ही कुठले, कुठून आलात असं विचारू लागले होते. अशात मुलगी परदेशातून येते आणि घरात न येता गच्चीवर राहते, कुणाला शिवत नाही, हे सांगायचं कसं? आईला काही सुचत नव्हतं, आणि नेमके सेक्रेटरी जिन्यात भेटले.

सेक्रेटरी म्हणजे सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले, पण कारखाना त्यांच्यातून रिटायर झालेला नव्हता. भोंगा तेवढा वाजायचा राहिला होता. मोटर किती वाजता चालू करायची, कावेरीचं पाणी कुणाच्या टाकीत किती, कुणाचं पायपुसणं जिन्यात किती इंच पुढे आलंय, सगळं त्यांच्या नजरेत.

"अम्मा, मुलगी येतेय म्हणे दुबईहून?"

"येतेय. पण वर राहील, गच्चीवरच्या खोलीत."

"का बरं? भांडण?"

"सुतक आहे," आई म्हणाली. तिनं नंतर मला सांगितलं की हा शब्द तिनं उच्चारला नाही, तो आपोआप बाहेर पडला, देवानंच घातला तोंडात. "माझे दीर गेले. तंजावरचे. मूलबाळ नव्हतं. हिच्यावर फार जीव. क्रिया हीच करणार."

"बायका करतात क्रिया?"

"आमच्या तंजावरला करतात," आई म्हणाली आणि दुधाची पिशवी घेऊन वर आली.

आमची तंजावरची शाखा म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वी कुणीतरी घोड्यावर बसून दक्षिणेला गेलं, एवढीच ऐकीव गोष्ट. त्यानंतर तिकडून कुणाचं पत्र नाही की लग्नाची अक्षत नाही. पण बिल्डिंगमध्ये बाकी सगळे कन्नड, तेलुगू, एक पुण्याहून आलेलं नवं जोडपं. तंजावरच्या मराठी लोकांत काय चालतं हे तपासणार कोण?

आणि सुतकानं जे काम केलं ते बघून मी थक्क झाले. तिकडे आम्ही पत्रकं वाटली, रेडिओवर गाणी वाजवली, मोटारीवर भोंगे लावून गावोगाव ओरडत फिरलो: शिवू नका, एका ताटात जेवू नका, आजाऱ्याच्या घरात शिरू नका. लोक ऐकून घेत आणि आम्हांलाच घोटभर पाण्याचा आग्रह करत. इथे आईनं एक शब्द टाकला आणि माझ्याभोवती पाच हातांचं रिंगण आखलं गेलं. कुणी शिवेना, कुणी का म्हणून विचारेना, उलट येता-जाता डोळ्यांत करुणा. तळमजल्यावरच्या कन्नड अक्का माझ्यासाठी पेपर कपात कॉफी पाठवायच्या आणि निरोप द्यायच्या, काकांसाठी फार रडू नकोस. मी दोन थेंब काढायचे. पुढे पुढे काका मला खरंच आठवायला लागले. त्यांचा पानाचा डबा, त्यांचं घोरणं.

चूक एकच झाली, आणि ती माझ्या आईलाच सुचू शकते. सुतक दहा दिवसांचं असतं. माझा पहारा तीन आठवड्यांचा. नवव्या दिवशी आईच्या हे ध्यानात आलं. दहाव्या दिवशी सकाळी धाकटे काका गेले.

"आणखी एक?" सेक्रेटरी म्हणाले.

"थोरल्यांचा धसका घेतला."

"अम्मा, तंजावरला आता कोण उरलंय?"

"देव करो आणि एवढ्यावर थांबो," आई म्हणाली.

आता ती दुसरी खोली. तिथे राहणारी मुलगी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बाजूच्या कॉलेजात फार्मसी शिकत होती. सकाळी बसला जायची, संध्याकाळी यायची, पाण्याच्या टाकीमागे कपडे वाळत घालायची. उंच, गप्प. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं की ती वेस्ट इंडीजची आहे. सेक्रेटरींनी तिला खोली दिली ती त्याच आनंदात. पूर्वीच्या फास्ट बॉलर्सबद्दल ते तिला जिन्यात अडवून विचारायचे आणि ती म्हणायची, हो अंकल, तो आमच्या गल्लीतच राहायचा. अकराच्या अकरा त्या एका गल्लीत राहत होते.

मी आल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी ताप मोजत दारात बसले होते. थर्मामीटर वाजला. माझा थर्मामीटर असा वाजायचा की लालबागेतले पक्षी उडावेत. टाकीमागून इंग्रजीत आवाज आला, "आंटी, किती?"

"काय किती?"

"सकाळी एकदा वाजतो, संध्याकाळी एकदा. कुणाला शिवत नाही. कुठल्या जिल्ह्यात होता तुम्ही?"

"तंजावर," मी म्हणाले.

ती टाकीमागून पुढे आली, दोन हात लांब थांबली, उजवा हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "हाउ दि बॉडी?"

सिएरा लिओनमध्ये भेटल्यावर हेच विचारतात, शरीर कसं आहे. त्याला एकच उत्तर असतं, आणि ते इतक्या वेळा दिलं होतं की माझं तोंड मला न विचारता बोलून गेलं, "दि बॉडी फाइन."

आम्ही दोघी मग तशाच उभ्या राहिलो. वेस्ट इंडीज आणि तंजावर एकमेकांकडे बघत होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती टाकीच्या त्या बाजूला बसायची, मी या बाजूला. सगळं कळायला चार दिवस लागले, कारण ती एका वेळी एकच वाक्य बोलायची. घरमालकांनी सिएरा लिओन ऐकलं की दार लावायचे, म्हणून वेस्ट इंडीज. घरी आई होती आणि एक मामा. आई गावात सुईणपण करायची. मी येण्याच्या आदल्या आठवड्यात मामाचा फोन आला होता. आई इबोलानं गेली. पुरायला पथक आलं होतं. मामालाही जवळ जाऊ दिलं नाही. तिला जाता येणार नव्हतं. विमानं बंद होती आणि गेली असती तरी परत येऊ कुणी दिलं नसतं. बिल्डिंगमध्ये कुणाला सांगायचं? वेस्ट इंडीजमध्ये इबोला नाही. सांगितलं असतं तर त्याच दुपारी सामान रस्त्यावर. म्हणजे तिची आई गेली होती आणि सुतक मला होतं.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "ते कसं पुरतात ते सांगा. तुम्ही होता ना तसल्या पथकाबरोबर."

"मी दुसऱ्या जिल्ह्यात होते. तुझ्या आईच्या वेळी काय झालं ते मला माहीत नाही."

"मग कसं करायला हवं ते सांगा. आणि रंगवू नका. तुम्ही रंगवता."

तेव्हा मी न रंगवता सांगितलं, आणि इथेही तसंच सांगते.

सुरुवातीला आम्ही चुकलो. इबोलानं गेलेल्याचं शरीर हे सगळ्यांत धोक्याचं, आणि तिकडे तर बायकांनी बाईला आंघोळ घालायची, केस विंचरायचे, शेवटचा हात लावून माफी मागायची. एका मयतातून अख्खं घर आजारी पडायचं. म्हणून आमची पथकं पांढऱ्या पोशाखात, चष्मे-मुखवटे चढवूनच गाडीतून उतरायची, मयत पिशवीत घालायची आणि निघून जायची. लोक पळायचे. रस्त्यात ओंडके टाकायचे. मग आमच्या डोळ्यांआड, स्वतःच पुरायला लागले, आंघोळ घालून, आणि साथ आणखी वाढली.

मग पद्धत बदलली. गाडी गावाबाहेर थांबवायची. साध्या कपड्यांत चालत जायचं. हात छातीवर ठेवून नमस्कार. बसायचं. विचारायचं, बाईला कुठलं लुगडं आवडायचं, बरोबर काय ठेवायचं, प्रार्थना कोण म्हणणार. ते सगळं ठरलं की पोशाख त्यांच्यासमोर चढवायचा, एकेक वस्तू, म्हणजे आत माणूस आहे हे त्यांनी पाहिलेलं असतं. छातीवर मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहायचं. घरच्यांना लांबून चेहरा दाखवायचा. खड्डा त्यांनी खणायचा, खूण त्यांनी लावायची. एका गावात म्हाताऱ्या बायका मला म्हणाल्या, तुला काय कळणार आंघोळीचं. मी म्हटलं, आमच्याकडेही घालतात. माझ्या वडिलांना आम्ही घातली होती, ऊन पाण्यानं. त्यावर त्यांनी मला जवळ बसायला जागा करून दिली. हाताच्या अंतरावर, पण जागा दिली.

ती मुलगी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मामाला खूण लावू दिली नाही. तिथे एक पाटी आहे, पाटीवर आकडा."

मी थर्मामीटर पुसून डबीत ठेवला.

मग तिनं चाळिसाव्या दिवसाचं सांगितलं. त्यांच्यात चाळिसाव्याला तांदूळ कुटून त्यात साखर घालतात, पांढरं कोला नावाचं फळ ठेवतात, गेलेल्याचं नाव मोठ्यानं घेतात, आणि जमलेले सगळे एकाच भांड्यात हात घालून मूठभर खातात. शेजाऱ्यांनी खाल्लं म्हणजे बाई नीट निघाली. कुणीच आलं नाही तर ती दारातच उभी राहते. साथीच्या दिवसांत तिकडे एका भांड्यात हात घालायला बंदी होती. मामा एकटा काही करू शकणार नव्हता. करायचं तर तिलाच करायचं होतं, इथे, या गच्चीवर. आणि शेजारी म्हणजे सेक्रेटरी.

मला लगेच युक्ती सुचली. मला त्या लगेचच सुचतात, त्यामुळेच त्या अशा असतात. चाळिसावा येत होता माझा पहारा संपल्यानंतरच्या शुक्रवारी. इकडे दोन काकांचं गोड जेवण बाकीच होतं. बिल्डिंगवाले वाटच बघत होते. अक्कांनी तर आईला तीनदा विचारलं होतं, दोघांची समाराधना वेगवेगळी की एकत्र? एकत्र, आई म्हणाली होती, तंजावरला असंच असतं.

"सोपं आहे," मी मुलीला म्हटलं. "लोक काकांसाठी येतील. पानावर तुझा तांदूळ-साखरेचा प्रसाद. मनातल्या मनात तू नाव घे. सगळे खातील. कुणाला काही कळणार नाही."

ती कपड्याचा चिमटा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"आंटी, ते तुमच्या काकांसाठी खातील."

"म्हणजे?"

"म्हणजे ते काकांना पोचेल. आणि तुमचे काका तर नाहीतच. माझ्या आईचं जेवण जाईल कुठे?"

तिनं चिमटा दोरीला लावला.

"तिला एकदा आकडा लावून पुरलंय," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा तुमच्या काकांच्या नावानं पाठवणार नाही. मी उभी राहून सांगणार. ती कोण होती, कुठली होती, कशानं गेली. मग ज्याला खायचं त्यानं खावं."

"खोली जाईल."

"जाऊ दे."

मी खाली जाऊन आईला सांगितलं. आई खीर करायला दूध आटवत होती.

"वेड लागलंय तुम्हां दोघींना," ती म्हणाली. "दोन-दोन दीर मारले मी तुझ्यासाठी. देवाला फूल वाहिलं नाही इतके दिवस, घंटा न वाजवता चोरून दिवा लावला. आणि आता सगळ्यांसमोर ओरडून सांगायचं की मुलगी तिकडे मढी पुरत होती?"

"हो."

"मला तोंड दाखवायला जागा राहील का या बिल्डिंगमध्ये?"

"आई, ती पोर रोज जिन्यात क्रिकेटच्या थापा मारतेय. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा मारल्या तिनं. सेक्रेटरींनी विचारलं म्हणून."

आईनं गॅस बारीक केला. मग विचारलं, "ते कोला फळ कसलं असतं?"

कोला फळ जयनगरात मिळेना. मुलीनं मामाला फोन करून विचारलं, नारळ चालेल का. मामा म्हणाला, पांढरं आहे ना, चालेल. तांदूळ आमच्या खलबत्त्यात कुटला. आईनं चिमूटभर चाखून बघितला आणि म्हणाली, अग हे तर आपलं तंबिटाच्या लाडवाचं पीठच, गुळाऐवजी साखर.

शुक्रवारी संध्याकाळी गच्चीवर सतरंज्या पसरल्या, केळीची पानं मांडली. बिल्डिंगमधली झाडून सगळी घरं आली. काकांची लोकप्रियता दांडगी होती. मी खरी मेले तर एवढे येणार नाहीत. सेक्रेटरी मधोमध. त्यांच्या शेजारी अक्का, साखरेचा आजार असलेल्या पण समाराधनेला गोळी घेऊन बसणाऱ्या. टोकाला पुण्याचं जोडपं. नवरा महादेवपुऱ्यात कंपनीत, बायको घरून काम करणारी. मीठ, कोशिंबीर, वडे वाढून झाले. भात यायच्या आधी ती मुलगी मोठी पितळी परात घेऊन मध्ये आली. तिनं पांढरं लुगड्यासारखं काही गुंडाळलं होतं.

ती इंग्रजीत बोलली, सावकाश. मी वेस्ट इंडीजची नाही. मी सिएरा लिओनची. माझी आई इबोलानं गेली, आज चाळिसावा दिवस. मी दोन वर्षांत घरी गेलेले नाही, मला काही झालेलं नाही. हे तिच्यासाठी आहे. इथे माझे शेजारी तुम्हीच आहात.

खालच्या रस्त्यावर कुणीतरी ऑटोवाल्याशी भांडत होतं ते अक्षर न् अक्षर ऐकू आलं. मीटरवर चाळीस जास्त मागत होता.

मग मी उठले. "आणि मी दुबईला नव्हते. मी तिच्याच देशात होते, इबोलाच्या कामावर. माझे तीन आठवडे संपलेत, रोजचा ताप सरकारदरबारी नोंदलाय. सुतक-बितक काही नव्हतं."

"म्हणजे काका?" अक्कांनी विचारलं.

"काका नव्हतेच," आई म्हणाली. ती भाताचं भांडं घेऊन दारात उभी होती. "दोघेही. मीच काढले आणि मीच घालवले. ज्याला राग येईल त्यानं माझ्यावर काढा."

सेक्रेटरी उठले. भरलेल्या पानावरून उठले. आमच्यात, त्यांच्यातही, याच्याएवढा अपमान दुसरा नाही, आणि ते त्यांना ठाऊक होतं. उठताना त्यांचा पाय जरा थांबला. मग म्हणाले, "लहान मुलं आहेत या बिल्डिंगमध्ये. तीन आठवडे आमच्या टाकीशेजारी हे चाललं होतं? फसवणूक आहे ही."

"फसवणूक आहे," मी म्हणाले. "खरं सांगितलं असतं तर खोली दिली असती तुम्ही तिला?"

"नसती दिली."

"मग?"

"मग काय? मला बिल्डिंग बघायची आहे."

"बघा ना. ही बिल्डिंगच आहे. तिकडे लोकांना एका परातीत हात घालता येत नाही, कारण तिकडे साथ आहे. इथे नाही. इथे कुणाला ताप नाही, खोकला नाही. तुमचा रोग टीव्हीवर आहे, अण्णा. टीव्ही बंद करा, बरा होईल."

हे मी जरा मोठ्यानं बोलले असावे, कारण खालचं ऑटोचं भांडण थांबलं.

दोन घरं उठली. मग आणखी एक. मुलांना काखेत मारून, चपला हातात घेऊन. पुण्याच्या जोडप्यातला नवरा मोबाइलवर भराभर वाचत होता. "ऐक ना, इट्स नॉट एअरबोर्न. सिम्प्टम्स नसतील तर काही नाही, असं लिहिलंय. पण एक मिनिट, दुसरी साइट बघतो."

"तू वाच," बायको म्हणाली. "मी जेवते."

अक्का परातीकडे बघत होत्या. "तंबिट्ट आहे का हे?" त्यांनी मुलीला कन्नडमध्ये विचारलं. मुलीला कळलं नाही. आईनं मान डोलावली. "स्वल्पच घेईन," अक्का म्हणाल्या, "मला शुगर आहे." आणि त्यांनी परातीत हात घातला.

"आधी नाव," मुलगी म्हणाली.

अक्कांचा हात पिठात तसाच थांबला. मुलीनं आईचं नाव घेतलं. ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे, आणि त्या संध्याकाळी जे उठून गेले नाहीत त्यांचं. अक्कांनी ते कन्नडमध्ये वळवून म्हटलं, शेवटी एक उकार लावून. पुण्याच्या बाईनं म्हटलं, तिच्या नवऱ्यानं मोबाइल खिशात टाकून म्हटलं. आईनं असं म्हटलं की ते आमच्याच कुठल्यातरी आत्याचं वाटावं. मी म्हटलं. प्रत्येकाचं वेगळं, एकाचंही बरोबर नाही. मुलीनं कुणालाच दुरुस्त केलं नाही. सगळे हात एकदम परातीत आले, एकमेकांना घासत, आणि तिकडच्या इतक्या महिन्यांनंतर दुसऱ्या माणसाची बोटं माझ्या बोटांना लागली. तांदूळ मी मूठभर खाल्ला.

सेक्रेटरी गेले नव्हते. जिन्याच्या दारात उभे होते. "महिनाअखेर खोली रिकामी करा," ते म्हणाले.

"करते, अंकल," ती म्हणाली.

"शेजारची खोली आमची आहे," आई भात वाढता वाढता म्हणाली. "मिक्सरं टाकून देऊ. तिथे येईल ती."

"मीटिंग बोलवावी लागेल, अम्मा."

"बोलवा. कॉफी मी देईन."

मुलगी परात उचलून त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्यासमोर धरली. त्यांनी हात पाठीमागे नेले. परात जड होती, पितळेची, तरी तिनं ती खाली घेतली नाही. सेक्रेटरी परातीकडे बघत होते, तिच्याकडे नाही. मग वळले आणि सावकाश एकेक पायरी उतरत गेले, आणि त्यांच्या चपला तळमजल्यापर्यंत पोचेस्तोवर ती तशीच धरून उभी राहिली.

नंतर परत आली, त्यांच्या सोडलेल्या पानावर बसली आणि आईला म्हणाली, भात वाढा.